मंचावर जाण्याआधी : उमेद, भीती आणि घरच्यांचं बोलणं यांची सहा आठवड्यांची तयारी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातली गणेशोत्सवाची स्पर्धा असो, संगीत महाविद्यालयाची प्रात्यक्षिक परीक्षा असो किंवा एखाद्या मंडळाची छोटी बैठक, संवादिनीवर साथीला बसलं की एकच प्रकार पुन्हा पुन्हा दिसतो. घरी छान गाणारी मुलं मंचावर निम्मंही गात नाहीत, आणि त्यावरचे सगळे उपाय शेवटच्या अर्ध्या तासात सुरू होतात. आई आल्याचा तुकडा हातात देते. बाबा "घाबरायचं नाही हं" म्हणतात. गुरुजींना ऐनवेळी एक तान बदलावीशी वाटते. मग पहिलाच षड्ज घशात अडकतो आणि परत जाताना "हिला आत्मविश्वासच नाही" असा निकाल घरचे देऊन मोकळे होतात.

आत्मविश्वास त्या दिवशी सकाळी कुठून आणणार? उमेद, स्वतःबद्दलचं मत आणि भीती या तिन्ही गोष्टी गाण्यावर परिणाम करतात, पण तिघींवर काम करायच्या वेळा वेगळ्या आहेत. उमेदीचं काम सगळ्यात आधी, साधारण सहा आठवडे. स्वतःबद्दलच्या मताचं काम मधल्या काळात, रोज थोडं. भीतीचं काम शेवटच्या तीन आठवड्यांत, आणि तेही रियाजात. कार्यक्रमाच्या दिवसासाठी फारच थोडं उरतं. बहुतेक घरांत हा क्रम उलटा चालतो, म्हणून हे लिहायला घेतलं.

खालचे टप्पे दहा ते वीस मिनिटांच्या ख्यालगायनासाठी आहेत. नाट्यगीत किंवा अभंग असला तरी क्रम तोच ठेवा. हातात तीनच आठवडे असतील तर टप्पा १ एका संध्याकाळी उरका आणि टप्पा ३ चालू रियाजात मिसळा. टप्पा २ आणि ४ मात्र कापू नका.

जमवाजमव

एक साधी वही. रेकॉर्डिंग करायला फोन. तानपुरा किंवा तानपुऱ्याचं अ‍ॅप, आणि तुमची पट्टी, म्हणजे तुमच्या षड्जाची जागा, नक्की : काळी एक, काळी चार, जी असेल ती; "साधारण तेवढीच" चालणार नाही. आठवड्यातून एकदा तरी हाताने वाजवणारा तबलजी, कारण मशीनचा ठेका तुमच्याबरोबर घाबरत नाही आणि तुम्हाला सांभाळूनही घेत नाही. आणि ऐकायला बसतील अशी तीन-चार माणसं, ज्यांतलं किमान एक तुम्हाला थोडं अवघड वाटायला लावणारं हवं.

## टप्पा १ : कशासाठी गायचं ते ठरवा (सहा आठवडे आधी)

वहीच्या पहिल्या पानावर मुलाने किंवा मुलीने स्वतः दोन ओळी लिहायच्या : मी हे का गातोय, आणि या वेळी नेमकं काय जमवायचंय. पालकांनी मागून वाकून बघायचं नाही.

दुसऱ्या ओळीत "पहिला नंबर" लिहिला असेल तर खोडायला लावा. नंबर परीक्षकांच्या हातात असतो, आणि शेजारच्या मुलीने त्या दिवशी काय गायलं यावरही असतो. जे आपल्या हातात नाही त्यावर सहा आठवडे नजर लावून बसलं की रियाज कमी आणि धाकधूक जास्त होते. त्याऐवजी असं काही लिहा : "यमनचा विलंबित ख्याल तिलवाडा तालात, सुरुवातीची लय शेवटपर्यंत न सोडता, प्रत्येक मुखडा वेळेत." हे मोजता येतं आणि रेकॉर्डिंग ऐकून स्वतःच तपासता येतं.

आता बक्षिसाचं. "नंबर आला तर सायकल" हा सौदा पालक फार सहज करतात. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी मुळात चित्रं काढायची आवड असलेल्या बालवाडीच्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंस तर प्रशस्तिपत्र मिळेल. पुढे मोकळ्या वेळेत हीच मुलं रंगांकडे इतरांपेक्षा कमी वळली. ज्यांना प्रशस्तिपत्र अचानक, आधी न सांगता मिळालं होतं, त्यांची आवड टिकून राहिली. घरी यातून एवढंच घ्यायचं : कार्यक्रमानंतर महाराज बाड्यावर आइस्क्रीम खायला खुशाल न्या, पण आधी जाहीर करू नका आणि निकालाशी तर मुळीच बांधू नका.

कधी कधी पहिल्या ओळीचं प्रामाणिक उत्तर "आईला हवंय म्हणून" असं निघतं. लगेच समजावायला बसू नका. मुलाच्या हाती काही निवड द्या : राग कोणता, बंदिश कोणती, रियाज सकाळी की संध्याकाळी. दोन-तीन गोष्टी स्वतः ठरवल्या की त्या गाण्यात त्याचा काही वाटा होतो. सगळंच मोठ्यांनी ठरवलेलं असेल तर मंचावरची चूकही त्याला मोठ्यांचीच वाटते आणि तिथून सावरायची इच्छा राहत नाही.

तपासा : पान उघडून मोठ्याने वाचा. त्यात दुसऱ्या कुणाचं नाव आलं असेल (शेजारची, चुलत बहीण, मागच्या वर्षीची विजेती), तर पान पुन्हा लिहा.

## टप्पा २ : मंचावर काय न्यायचं ते निवडा (पहिला आठवडा)

सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, आणि लक्षात येतं ते एकदम शेवटी.

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलेली गोष्ट गाणाऱ्याने भिंतीवर लावावी अशी आहे : कुणी बघत असलं की अंगवळणी पडलेलं काम आणखी चांगलं होतं, आणि कच्चं काम आणखी बिघडतं. १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी झुरळांवरही हे पाहिलं. सरळ वाटेवर प्रेक्षक झुरळं असताना झुरळ जास्त वेगाने पळालं, वळणाच्या वाटेवर मात्र त्याला जास्त वेळ लागला. झुरळाला परीक्षकांचं भय नसणार. तरीही तेच घडलं.

त्याच्याही आधी, १९०८ मध्ये, यर्क्स आणि डॉडसन यांना उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की सोप्या कामाला जोरकस उत्तेजना चालते, पण काम जितकं अवघड तितकी कमी उत्तेजना पुरते आणि त्यावर गेलं की शिकणं घसरतं. गाण्याच्या भाषेत : धडधडत्या छातीने भूपातला छोटा ख्याल कदाचित जास्त रंगेल. त्याच छातीने नुकताच शिकलेला टप्पा (भराभर तानांचा गायनप्रकार) कोसळेल.

तरी दरवर्षी होतं काय, की स्पर्धेच्या महिनाभर आधी कुणीतरी म्हणतं, "यमन तर सगळेच गातात, काहीतरी वेगळं हवं." मग हमीर काढला जातो. राग सुरेख आहे, आपल्या गायकीत मुरलेला आहे, पण तो वर्षभर गळ्यात राहिलेला हवा. परीक्षकांना वेगळा राग नको असतो, स्वस्थ बसून ऐकता येईल असं गाणं हवं असतं. माझं मत विचाराल तर वर्षभरात शिकलेलं काहीही स्पर्धेत न्यायचं नाही. त्यासाठी घरची बैठक आहे.

"पक्कं" म्हणजे काय, हे भावनेवर सोडू नका. तीन चाचण्या आहेत :

१. कपड्यांच्या घड्या घालता घालता, किंवा मटार सोलता सोलता, स्थायी आणि अंतरा शब्द न चुकता गाता येतो का?

२. जिना दोनदा चढून उतरल्यावर, श्वास लागलेला असताना, मुखडा (समेकडे नेणारा बंदिशीचा तुकडा) धरून समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, बरोबर येता येतं का?

३. तबल्यावर कुणीही ठेका लावून मध्येच "आता" म्हटलं, तर पुढची सम कुठे आहे ते एका आवर्तनाच्या, म्हणजे तालाच्या एका पूर्ण फेरीच्या, आत सापडतं का?

तिन्हींत उतरली तर ती बंदिश मंचाची. दोनमध्ये उतरली तर अजून दोन आठवडे द्या. एकाच चाचणीत उतरली तर ती पुढच्या वर्षासाठी ठेवा, कितीही आवडली तरी.

तानांनाही हाच नियम. रियाजात दहापैकी नऊदा साफ येते तीच तान यादीत लिहायची. "कधी कधी काय सुंदर येते!" अशी तान मंचावर येत नसते.

सावध : निवड झाली की गुरुजींना दाखवून शिक्कामोर्तब करून घ्या, आणि स्पष्ट विचारा, "सर, आता यात बदल नाही ना?" शेवटच्या आठवड्यातला बदल कितीही छोटा असला तरी डोक्यात जुनं-नवं एकत्र होतं.

## टप्पा ३ : मत बदला, पण पुराव्याने (दुसऱ्या आठवड्यापासून)

"तू खूप छान गातेस" हे वाक्य घरात दिवसातून पाच वेळा म्हटलं जातं आणि त्याचा उपयोग जवळजवळ होत नाही. अल्बर्ट बँडुरा यांनी १९७७ मध्ये लिहिलं की "मला हे जमेल" हा भरवसा चार वाटांनी येतो : स्वतः करून जमलेलं, आपल्यासारख्या दुसऱ्याला जमताना पाहिलेलं, कुणी सांगितलेलं आणि स्वतःच्या शरीराची त्या वेळची अवस्था. यांत सर्वांत बळकट वाट पहिली. कौतुक तिसऱ्या वाटेने येतं, आणि मंचावरच्या एका चुकीने उडून जातं.

म्हणून वहीत रोज रियाजानंतर एकच ओळ लिहायची : आज काय जमलं जे गेल्या आठवड्यात जमत नव्हतं. "मंद्र निषाद स्थिर लागला." "अंतऱ्याची उठान तीनदा बरोबर." "काहीच नाही, पण वीस मिनिटं बसलो" हेही चालेल. चार आठवड्यांनी ती वही उघडली की मुलाकडे स्वतःचाच पुरावा असतो, आणि त्याच्याशी आईलाही वाद घालता येत नाही.

आठवड्यातून एकदा रेकॉर्डिंग करा. पण ऐकायची पद्धत ठरवून घ्या, नाहीतर मुलं स्वतःचा आवाज ऐकून नुसती खट्टू होतात. पहिल्यांदा फक्त लय ऐका. हातात घड्याळ धरा. तिलवाड्याच्या सोळा मात्रा, मात्रेला दीड सेकंद धरलं तर एक आवर्तन २४ सेकंदांचं. पहिलं आवर्तन किती सेकंदांचं, दहावं किती, ते वहीत लिहा. दुसऱ्यांदा ऐकताना सूर. तिसऱ्यांदा शब्द. सगळं एकदम ऐकलं की फक्त "वाईट" एवढंच ऐकू येतं.

लयीच्या या आकड्याला पुढे फार महत्त्व आहे. घाबरलेला गायक लय चढवतो, आणि त्याचं त्यालाच कळत नाही. तबलजी ठेका धरतो खरा, पण पहिली लय गायकच देतो.

घरच्यांनी काय बोलायचं, यावरही दोन शब्द. म्युलर आणि ड्वेक यांनी १९९८ मध्ये शाळकरी मुलांवरच्या अभ्यासात दाखवलं की "हुशार आहेस" म्हणून कौतुक झालेली मुलं अवघड काम फसल्यावर लवकर माघार घेतात. मेहनतीचं कौतुक झालेली चिवटपणे करत राहतात. आपल्याकडे या वाक्याची गाण्यातली आवृत्ती आहे : "गळाच गोड आहे हो, देणगी आहे." देणगी म्हटली की मुलाला वाटतं, आज आवाज लागला नाही म्हणजे देणगीच गेली. त्यापेक्षा आजीने "आज अंतरा मागच्या रविवारपेक्षा सावकाश गायलास" म्हटलं तर ते वर्षभर पुरतं. अर्थात आजीला आधी नीट ऐकावं लागेल.

तपासा : तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी वहीत किमान दहा ओळी आहेत का? नसतील तर रियाज झालेला नाही किंवा लिहायचा कंटाळा झालाय. दोन्हीचा उपाय एकच, वेळ कमी करा आणि रोज बसा.

## टप्पा ४ : भीतीसकट गाण्याचा सराव (शेवटचे तीन आठवडे)

मुलं जिथे कधी घाबरलेलीच नसतात अशा खोलीत, ओळखीच्या सतरंजीवर, ओळखीच्या तबल्यावर दोनशे वेळा गातात. मग एका दिवशी घाबरून, अनोळखी मंचावर, पहिल्यांदाच गातात. त्याला स्पर्धा म्हणतात.

भीतीत शरीराचं जे होतं ते ठरलेलं आहे. अ‍ॅड्रेनालिन वाढतं, हृदय जोरात चालतं, श्वास छातीच्या वरच्या भागात येतो, तोंडाला कोरड पडते, हात गार पडतात, स्वरयंत्राचे स्नायू आवळतात. गायकाला यातला प्रत्येक बदल महाग पडतो. लांब मींड अर्ध्यात तुटते, षड्ज किंचित चढतो, मुखडा घाईत पडतो. हे बदल थांबवता येत नाहीत, थांबवायची गरजही नाही. ते चालू असताना गाता यायला हवं, आणि ते फक्त तसं गाऊनच येतं.

पायऱ्या अशा चढा. आधीची पायरी निदान दोनदा नीट झाल्याशिवाय पुढची नाही.

पहिली पायरी. एकच श्रोता, घरातला, समोर बसलेला. तो फोन बघणार नाही आणि मान डोलावणारही नाही. हे दुसरं फार अवघड जातं, करून पाहा.

दुसरी. तोच श्रोता, पण गाण्याआधी जिना दोनदा चढायचा. श्वास लागलेला असतानाच बसायचं, तानपुरा लावायचा, पहिला षड्ज घ्यायचा. छातीची धडधड अगदी मंचावरच्यासारखी होते. त्या धडधडीत सूर शोधायची सवय इथे लागते.

तिसरी. तीन-चार श्रोते आणि वेगळं घर. मावशीचं घर चालेल, वरच्या मजल्यावरचे भिडे काका चालतील. इथून पुढे एक नियम कडक : गाणं एकदाच. चुकलं तरी थांबायचं नाही, "पुन्हा सुरू करू का?" विचारायचं नाही. घरच्या रियाजात मुलं चुकली की मागे जाऊन दुरुस्त करतात, आणि नकळत मागे जाण्याचाच सराव होतो. मंचावर मागे जाता येत नाही.

चौथी. अनोळखी तबलजी. ग्वाल्हेरात ही सोय सहज होते. कुणाच्या तरी ओळखीने संगीत महाविद्यालयातला एखादा विद्यार्थी तासाभरासाठी येतो. त्याला मुद्दाम सांगा की मध्येच एखादा मोठा तुकडा वाजव. ठेका भरून गेला की सम दिसेनाशी होते, आणि गायकाच्या डोळ्यांत ते लगेच कळतं. एकदा घरी हरवून सापडलेली सम मंचावर तितकी घाबरवत नाही.

पाचवी. रंगीत तालीम. त्या दिवशीचेच कपडे, त्याच वेळी, माईक मिळाला तर माईकवर. मुलींनी साडी किंवा ओढणीसह बसून पाहा. मांडी घालताना निऱ्या अडकतात, आणि ते मंचावर पहिल्यांदा कळू नये. कार्यक्रम डिसेंबर-जानेवारीत सकाळी असेल तर सकाळीच, थंडीत गा. इथल्या पौषातल्या धुक्यात आठ वाजता गळा कसा असतो ते रात्रीच्या रियाजात कळत नाही.

प्रत्येक पायरीवर रेकॉर्डिंग करा आणि पहिल्या आवर्तनाचे सेकंद मोजा. एकट्याने गाताना २४ असलेलं आवर्तन चार माणसांसमोर २० वर आलं, तर भीती किती आहे ते आकड्यातच आलं. उपाय साधा आहे : मनात मुखडा एकदा पूर्ण म्हणून, मगच तबलजीला लय द्यायची. पाचव्या पायरीपर्यंत फरक एखाद्या सेकंदावर यायला हवा.

सावध : मूल एखाद्या पायरीवर रडलं, तर त्याच दिवशी तीच पायरी पुन्हा नको. दुसऱ्या दिवशी एक पायरी खाली जाऊन तिथे नीट गाऊन घ्या आणि मग वर या. रडत रडत वर ढकललं तर त्याला गाण्याचीच भीती बसते.

## टप्पा ५ : "असं झालं तर" ची यादी (दोन आठवडे आधी)

पीटर गोल्विट्झर यांनी १९९९ मध्ये लिहिलेली साधी युक्ती आहे : नुसतं "मी नीट करीन" असं ठरवण्यापेक्षा "अमुक झालं की मी तमुक करीन" असं नेमकं ठरवलेलं जास्त वेळा पार पडतं. मंचावर विचार करायला वेळ नसतो, म्हणून विचार आधीच करून ठेवायचा. वहीत लिहा आणि प्रत्येक प्रसंग चौथ्या टप्प्यातल्या बैठकींत मुद्दाम एकदा घडवून आणा.

मुखडा सुटला तर : आलापाचा एक स्वर धरून ठेवा, आवर्तन जाऊ द्या, पुढच्या वेळी पकडा. चेहरा तोच. परीक्षकांतल्या निम्म्यांना कळतही नाही. कळवतो तो गायकाचा चेहरा.

शब्द विसरले तर : आकार लावा आणि स्थायीची पहिली ओळ घ्या. ती कधीच जात नाही.

तानपुरा उतरला किंवा अ‍ॅपचा आवाज बंद पडला तर : संवादिनीकडे बघा. षड्ज-पंचम देणं हे साथीदाराचं काम आहे, तो देईल.

खोकला आला तर : मान वळवून खोका, पाण्याचा घोट घ्या, तबलजी ठेका सांभाळून ठेवतो. गिळून दाबायचा प्रयत्न केलात तर तो पुढच्या तानेत नक्की येतो.

वीज गेली किंवा बाहेरून वरात निघाली तर : गात राहा. लष्करात लग्नसराईत हे अनपेक्षित म्हणताच येणार नाही.

वेळ संपल्याची घंटा वाजली तर : हातातलं आवर्तन पूर्ण करून समेवर थांबा.

पाच-सहा प्रसंग बस. वीस लिहिलेत तर तीच एक चिंतेची यादी होऊन बसेल.

## टप्पा ६ : शेवटचे दोन दिवस

नवं काही नाही. रियाज निम्मा. झोप पूर्ण, कारण शिकलेलं पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं, आणि जागरणाने भीतीही वाढते. जागरण करून घोटलेल्या ताना सकाळी येत नाहीत. पाहुणे आणि लग्नं टाळता आली तर टाळा.

## टप्पा ७ : त्या दिवशी

तीन तास आधी साधं जेवा. सकाळचा कार्यक्रम असेल तर बेडई-जिलेबीचा मोह परतताना पुरवा. गजक (तीळगुळाची खुसखुशीत वडी) खिशात ठेवू नका. तिचा चुरा घशात अडकला की मुलं मंचावर घसा खाकरत बसतात. पाणी कोमट, थोडं थोडं. चहा नेहमी घेता तेवढाच.

हजीऱ्याला तानसेनाच्या समाधीजवळच्या चिंचेची पानं खाल्ली की गळा गोड होतो, अशी इथली जुनी समजूत. श्रद्धा असेल तर आदल्या आठवड्यात जाऊन या, नमस्कार करून या. कार्यक्रमाआधी आंबट पान चघळत मंचावर येऊ नका.

सावध : छातीची धडधड कमी करणाऱ्या गोळ्या कुणीतरी "आमचा मुलगा घेतो" म्हणून सुचवतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घ्यायच्या नाहीत. दमा असलेल्याला त्या धोक्याच्या ठरू शकतात.

तासभर आधी पोहोचा. बैठकीची जागा, माईक, बाहेर जायची वाट पाहून घ्या. पट्टी तबलजीला स्वतः सांगा. नंतर आधीच्या स्पर्धकांचं गाणं ऐकत बसू नका. ऐकलं की तुलना सुरू होते, आणि टप्पा १ मधलं पान फुकट जातं.

दहा मिनिटं आधी शांत होण्याचा हट्ट सोडा. हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना कॅरिओकीवर गायला लावलं होतं. गाण्याआधी ज्यांनी "मला उत्साह वाटतोय" असं मोठ्याने म्हटलं, त्यांचं गाणं "मला भीती वाटतेय" म्हणणाऱ्यांपेक्षा यंत्राने मोजलेल्या गुणांत सरस ठरलं. कारण समजण्यासारखं आहे : धडधड उत्साहातही होते, भीतीतही होते. जोरात चाललेलं हृदय दहा मिनिटांत गप्प करता येत नाही; त्याचं नाव बदलता येतं. तेव्हा "घाबरू नकोस" हे वाक्य त्या दिवशी घरात बंद. "आली वाटतं वेळ, चल, मजा येईल" एवढं पुरे.

श्वासाचं एकच काम करा : नाकाने सहज श्वास घ्या आणि सोडताना घेतल्याच्या दुप्पट वेळ लावा. श्वास सोडताना हृदयाची गती थोडी उतरते. असे सात-आठ श्वास. खूप खोल आणि भराभर घेतलेत तर चक्कर येईल. हात गार असतील तर चोळा.

## टप्पा ८ : पहिली दोन मिनिटं

बसा. माईक स्वतःला हवा तसा ओढून घ्या. पुष्कळ मुलं संकोचाने माईकला शोभेल असं वाकून बसतात आणि दहा मिनिटं तशीच गातात. तानपुरा दोन-तीन श्वास ऐका. घाई कुणालाच नसते, फक्त तुम्हाला वाटते.

पहिला षड्ज मध्यम आवाजात, लांब. तो सिद्ध करायला गेलात की जोर लागतो आणि सूर चढतो.

लक्ष कुठे ठेवायचं, हे या टप्प्यातलं मुख्य. रॉय बाउमायस्टर यांनी १९८४ मध्ये दाखवलं की दडपणाखाली माणूस स्वतःच्या सवयीच्या हालचालीकडे निरखून बघायला लागतो, आणि तिथेच ती हालचाल बिघडते. "आता गळा कसा ठेवू", "हा गंधार बरोबर लागतोय ना" असं मनात सुरू झालं की गंधार हलतो. लक्ष बाहेर ठेवा : तानपुऱ्याचा जोड, तबल्याचा बायां, शब्दांचा अर्थ. परीक्षक लिहीत असतील तर लिहू द्या. ते कधी कधी चहाचा हिशेबही लिहीत असतात.

## टप्पा ९ : नंतर

त्या रात्री घरी गाण्यावर चर्चा नको. कौतुकही बेताचं. स्कूटरवर मागे बसलेल्या मुलाला बाबांनी "तिसऱ्या तानेला काय झालं रे?" असं विचारणं हे सहा आठवड्यांच्या कामावर पाणी ओतणं आहे. ते मूल पुढच्या वर्षी गाताना तिसऱ्या तानेच्या आधी बाबांकडे बघेल.

दुसऱ्या दिवशी वही उघडा. तीन ओळी : काय ठरवल्याप्रमाणे झालं, काय सुटलं, सुटल्यावर काय केलं. तिसरी ओळ सर्वांत मोलाची. मुखडा सुटला आणि सावरला, तर ते जमलेल्यांत लिहा. रेकॉर्डिंग असेल तर पहिल्या आवर्तनाचे सेकंद मोजून रंगीत तालमीच्या शेजारी मांडा. निकाल वहीत लिहायचा नाही.

मग पंधरवड्याच्या आत कुठेतरी पुन्हा गा, छोटंसंच : शेजारच्या घरची आरती, हळदीकुंकू, गुरुजींकडची शनिवारची बैठक. मोठ्या कार्यक्रमानंतर महिनाभर खंड पडला की शेवटची आठवण तीच राहते, आणि फसली असेल तर फसलेलीच राहते.

शेवटची तपासणी : भीती मंचापुरती आहे का, हे एकदा शांतपणे पाहा. मुलाची झोप उडालेली असेल, जेवण कमी झालं असेल, शाळेत जायलाही पोटात दुखत असेल किंवा श्वास कोंडल्यासारखे झटके येत असतील, तर वरचे टप्पे बाजूला ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा क्रमांक १४४१६ आहे, तिथे फोनवरही बोलता येतं. स्पर्धेचा अर्ज मागे घेता येतो, आणि गुरुजींना तसं सांगायचं काम पालकांनी करायचं, मुलावर टाकायचं नाही.